बुलढाणा जिल्हा आणि समुद्रपर्यटन

बुलढाणा जिल्ह्याच्या चतुःसीमांत कोठेही समुद्र नाही. तथापि या जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. पैनगंगा याच जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावून पूर्वेस वर्धेकडे जाते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. घाटाखालची पूर्णा पश्चिमेस तापीला मिळते व तिचे पाणी अरबी समुद्रात पडते. पाण्याला जी वाट निसर्गाने दिली ती येथील माणसाला फार उशिरा मिळाली. त्याचा माल त्याच्या आधी समुद्रापार गेला, आणि समुद्रासंबंधीचे शब्द तर त्याहूनही आधी त्याच्या घरात शिरले. आज सुटीसाठी बोटीवर जाण्याची जी आवड महाराष्ट्राच्या अंतर्भागातील मध्यम वर्गात दिसू लागली आहे, तिचे आकर्षण व तिच्या उणिवा समजून घ्यावयाच्या तर हा उलटा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

खारे पाणी म्हणजे काय हे या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. लोणारचे सरोवर खारे आहे. आइन-ए-अकबरीतही त्याचा आणि तेथे मिळणाऱ्या, काच व साबण यांस उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख येतो. गावाचे नाव ‘लवण’ या शब्दाशी जोडले जाते, आणि ते खरे असल्यास आपल्या पानातील लोणचे व हे सरोवर एकाच कुळीतले ठरतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. परंतु हे खारेपण उपभोगाचे नव्हे, भोगण्याचे आहे. पाण्याकडे मौजेसाठी पाहावे ही कल्पना ज्या मुलखात उन्हाळ्यात घागरीच्या रांगा लागतात तेथे सहजासहजी रुजत नाही.

समुद्राचे जे चित्र लोकभाषेत होते तेही मौजेचे नव्हते. ‘काळे पाणी’ हा शब्दप्रयोग घ्या. अंदमानच्या वसाहतीमुळे तो घरोघर झाला आणि समुद्र ओलांडणे म्हणजे परत न येणे असा अर्थ त्याला चिकटला. सन १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना ‘महाराजा’ नावाच्या आगबोटीतून अंदमानला नेण्यात आले, त्यानंतर तर मराठी वाचकाच्या मनात बोट आणि बेडी यांची सांगड पक्की बसली. धर्मशास्त्राचा निषेध याहून जुना. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन हे उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांत सांगितले आहे आणि पुढे तेच पतनास कारण होणाऱ्या कर्मांतही गणले आहे. याचा सरळ अर्थ असा की, लोक समुद्रावर जात होते. न जाणाऱ्यांना कोणी निषेध सांगत नाही. उत्तरकालीन निबंधकारांनी हा निषेध कलिवर्ज्यांत पक्का केला. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांना श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून आपल्या जाण्याची कारणे द्यावी लागली आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगावे लागले. शिक्षणासाठी निघालेल्या स्त्रीला जेथे इतका खुलासा करावा लागला, तेथे केवळ हवा पालटण्यासाठी बोटीत बसणाऱ्याला समाजाने काय म्हटले असते याची कल्पना करता येते.

कापसाला मात्र कोणतेही प्रायश्चित्त नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला लँकशायरच्या गिरण्यांनी जी किंमत दिली तिने या प्रदेशाची आर्थिक दिशाच पालटली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची नागपूरपर्यंतची वाट १८६७ मध्ये पुरी झाली. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला जाणारा सुमारे आठ मैलांचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाला, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रतळाच्या तारेने सुएझमार्गे विलायतेशी जोडली गेली. या चार घटना एका ओळीत मांडल्या की खामगावच्या बाजारात उभी राहिलेली बैलगाडी आणि लिव्हरपूलचा धक्का यांच्यामधले अंतर किती झपाट्याने आटले ते दिसून येते. (येथे एक खुलासा आवश्यक आहे: त्या काळी खामगाव अकोला जिल्ह्यात होते, १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याकडे आले.) ज्या लॉर्ड मेयोने हा फाटा उघडला तोच पुढे फेब्रुवारी १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर, आपल्या नावेकडे जात असता, एका बंदिवानाच्या सुरीने मारला गेला. खामगावचा रूळ आणि काळे पाणी यांना जोडणारा हा योगायोग इतिहासाच्या दृष्टीने निरर्थक असला तरी विसरण्याजोगा नाही.

कापूस गेला, माणूस राहिला. मात्र तो सगळाच कापूस विलायतेस गेला नाही. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि पुढील अर्धशतकात गिरणगाव उभे राहिले. या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस आगगाडीने येई, आणि तो कातणारे-विणणारे हात मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून आगबोटीने येत. घाटावरचा माल आणि कोकणातला माणूस यांची गाठ अशी साच्यावर पडली. बुलढाण्याच्या शेतकऱ्याने समुद्र पाहिला नसला तरी त्याने पिकविलेली रुई ज्याच्या हातात पडे तो समुद्रावरूनच आलेला असे. मराठी माणसाच्या सागरी प्रवासाचा खरा इतिहास या कामगाराच्या डेकवरच्या प्रवासात आहे. विलायतेच्या वाऱ्या करणाऱ्या बॅरिस्टरांच्या आठवणी छापल्या गेल्या म्हणून तो त्यांच्या केबिनीत शोधू नये.

हा प्रवास कसा होता? पावसाळ्यात बोटी बंद. एरवी मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पुढे पणजीपर्यंत जाई. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर पाण्यात उभी राही आणि उतारूंनी ट्रंका, वळकट्या व मुले सांभाळीत हेलकावणाऱ्या पडावात उतरावे लागे. डेकवर ज्याने आधी चटई पसरली त्याची जागा. शेजारी सामान, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या. या प्रवासात सहवासाचा आनंद होता, गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाण्याची ओढ होती; परंतु बोट हे साधन होते. कोणीही बोटीसाठी बोटीत बसत नव्हता. आणि या साधनाची किंमत कधी कधी भयंकर पडे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ भर पावसाळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले असता घडलेल्या या दुर्घटनेची स्मृती रायगड-मुंबईकडे अजून जिवंत आहे. पुढे रस्ते सुधारले, राज्य परिवहनाच्या गाड्या खेडोपाडी पोहोचल्या, आणि विसावे शतक संपण्यापूर्वीच कोकणची प्रवासी बोटवाहतूक थांबली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली तेव्हा तिची उणीव भासणारी पिढी म्हातारी झाली होती.

मौजेची बोट ही कल्पना याहून अगदी निराळ्या गरजेतून निघाली, आणि ती गरज उतारूंची नसून जहाजकंपन्यांची होती. १८४४ मध्ये इंग्रज कादंबरीकार थॅकरे पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींतून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने कैरोपर्यंत गेला. कंपनीने त्याला भाडे पडू दिले नाही. त्याने दोन वर्षांनी पुस्तक लिहून त्याची फेड केली. १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ ही बोट सहलीसाठी निघाली. तिच्यावर मार्क ट्वेन होता. या सहलीचे मुख्य लक्ष्य ख्रिस्ती लोकांची पवित्र भूमी हे होते, म्हणजे आपल्या भाषेत बोलावयाचे तर ती यात्राच होती. फक्त यात्रेकरूंना यात्रेपेक्षा मौजेची ओढ अधिक होती आणि ट्वेनने नेमके तेच टिपले. यानंतर जर्मनीतील हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिनने खरा पालट घडवला. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर उतारू कमी होत आणि मोठमोठ्या बोटी बंदरात पडून राहत. जानेवारी १८९१ मध्ये त्याने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट श्रीमंत प्रवाशांना घेऊन सुमारे दोन महिन्यांसाठी भूमध्य समुद्रात धाडली. हा प्रयोग फायद्याचा ठरल्यावर १९०० मध्ये खास पर्यटनासाठीच बांधलेली ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ पाण्यात सोडण्यात आली. अवघ्या सहा वर्षांत ती जमैकाच्या किनाऱ्यावर आदळून निकामी झाली, तरी कल्पना मात्र बुडाली नाही.

ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने धावू लागली आणि बोटीचे साधन म्हणून असलेले महत्त्व संपुष्टात आले. येथेच अर्थाची उलथापालथ झाली. ज्या बोटीला आता कोठे पोहोचवावयाचे उरले नाही, ती स्वतःच पोहोचण्याचे ठिकाण बनली. उतारू जेथून चढला तेथेच उतरतो. बंदरे ही वाटेतली करमणूक. आपल्याकडील ‘प्रवास’ या शब्दात घर सोडून दूर असण्याचा भाव आहे, ‘यात्रा’ या शब्दात जाण्याचा. परंतु ज्यात जाणेही नाही आणि दूर राहणेही अर्धवट, त्याला नाव काय द्यावे हा मराठीपुढे प्रश्न होता. ‘जलपर्यटन’, ‘समुद्रपर्यटन’, ‘सागरी सहल’ असे शब्द वर्तमानपत्रांनी योजले. बोलण्यात ‘क्रूझ’ हाच रूढ झाला आहे. ‘आगबोट’ शब्द मात्र मागे पडला. आपल्या भाषेतील ‘आग’ इंग्रजांच्या ‘बोटी’ला जोडून केलेली ती अस्सल देशी घडण होती. नाखुदा फारसीतून आला, सारंग फारसीतून, खलाशी अरबीतून. बाहेरून आलेल्या प्रत्येक शब्दाला मराठीने आपल्या तोंडाचे वळण दिले. ‘क्रूझ’ला ते देण्याइतका सहवास अजून घडलेला नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या नव्या प्रकाराची सुरुवात ‘आंग्रिया’ने झाली असे म्हणता येईल. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा अशी ती सुरू झाली. बोट मूळची जपानमधील प्रवासी वाहतुकीची. नाव मात्र मराठ्यांच्या आरमाराच्या सरखेलांचे. ती सायंकाळी निघून दुसऱ्या दिवशी पोहोचवीत असल्यामुळे तिच्यात जुन्या वाहतुकीचा अंश शिल्लक होता. २०२० च्या महासाथीत ती थांबली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची, १९९० साली बांधलेली ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली. तीत मुंबईहून निघून मुंबईसच परतण्याची सोय होती, म्हणजे शुद्ध पर्यटनाचा नमुना आपल्या दारी आला.

बुलढाण्याच्या कुटुंबाला यात काय आकर्षक वाटावे? पहिली गोष्ट म्हणजे सामान एकदाच उघडणे व एकदाच बांधणे. यात्रा कंपनीच्या बसने दक्षिण भारत पाहिलेल्या कोणालाही या सुखाचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. रोज नवी धर्मशाळा, रोज पहाटे चारला उठणे, आचारी आला की नाही याची विवंचना, आजीच्या गुडघ्यांची काळजी. बोटीवर हे सर्व एकदम नाहीसे होते. म्हातारी माणसे डेकवर बसतात, मुले पाण्याच्या हौदात खेळतात, आणि घरातल्या स्त्रीला चार दिवस स्वयंपाक नसतो. ही शेवटची बाब पुरुष लेखकांनी पर्यटनाच्या कारणांत क्वचितच नोंदविली आहे. ती बहुधा सर्वांत मोठी असावी. शाकाहारी व जैन जेवणाची सोय झाल्याने जुना धार्मिक संकोचही उरला नाही. आणि समुद्र तो समुद्रच. ज्याने आयुष्यात सगळ्यांत मोठे पाणी म्हणून नळगंगेचे किंवा खडकपूर्णेचे धरण पाहिले, त्याला चारी दिशांना कडा नसलेले पाणी पहिल्यांदा दिसते तेव्हा होणारा परिणाम जाहिरातदारांनी निर्माण केलेला नसतो.

एवढ्याने हे पर्यटन नव्या जातीचे ठरत नाही, असाही आक्षेप संभवतो. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते; त्या वारीतही वाट हेच सुख नव्हे काय? साम्य आहे, पण ते वरवरचे आहे. वारकऱ्याची वाट गावांमधून जाते. परभणीच्या किंवा सोलापूरच्या माणसाच्या अंगणात तो जेवतो, त्याच्याशी बोलतो, पुढच्या वर्षी त्याला ओळखतो. बोटीचा उतारू मात्र स्वतःचे गाव बरोबर घेऊन हिंडतो. त्याला बंदरात चार-सहा तास मिळतात. त्यांतला बराचसा वेळ उतरण्याच्या रांगेत व परतण्याच्या घाईत जातो. गोव्याची फेणी किंवा कोचीची मिरी तो विकत घेईल, परंतु तेथील माणसाशी त्याचा संबंध दुकानाच्या फळीपुरता राहतो. डेकवरच्या गिरणीकामगाराला प्रत्येक बंदरातला पडाववाला नावाने ठाऊक असे. सुखसोय वाढली त्या प्रमाणात ओळख घटली, हे या सुटीचे मोल आहे आणि ते छापील दरपत्रकात दिसत नाही.

दरपत्रकात न दिसणाऱ्या इतरही रकमा आहेत. बंदराचे शुल्क, किनाऱ्यावरील सहली, पेये, इंटरनेट, सेवकांची बक्षिसी असे एकेक आकडे शेवटच्या दिवशी उभे राहतात. पण पैशाहून गंभीर उणीव बंदिस्तपणाची. ज्या भिंतींमुळे चिंता बाहेर राहतात त्याच भिंतींमुळे साथ आत राहते. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट अडकली तेव्हा तिच्यावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी सातशेहून अधिकांना करोनाची लागण झाली. त्या बोटीवरील १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते आणि केवळ सहा प्रवासी. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद असता त्यांच्या दाराशी जेवण पोहोचविणारे हात या कर्मचाऱ्यांचे होते. जुन्या आगबोटीत कष्ट उतारूच्या वाट्याला येत; नव्या बोटीत ते खालच्या मजल्यावर नेऊन ठेवले आहेत, एवढाच फरक. बहुसंख्य पर्यटक बोटी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेल्या असतात, यामागे कर व कामगार-कायदे यांचा हिशेब आहे.

किनाऱ्यांनाही या बोटींचा भार सोसावा लागतो. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा २०२० पासून जगभर साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. व्हेनिसने तर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना आपल्या मुख्य जलमार्गात येण्यास मनाई केली. या बाबी बुलढाण्यापासून दूरच्या वाटतील, परंतु पूर्णेचे पाणीही शेवटी तेथेच जाते.

राहिली ती सर्वांत जुनी आणि सर्वांत घरगुती उणीव. मराठीत ‘बोट लागणे’ असा प्रयोग आहे. ‘लागणे’ हे क्रियापद येथे मोठे मार्मिक आहे. ऊन लागते, दृष्ट लागते, परगावचे पाणी लागते. बाहेरची एखादी वस्तू माणसाच्या देहात शिरून त्याला बाधते, असा यातील भाव. शरीरशास्त्र सांगते की, आतल्या कानाला जाणवणारी हालचाल आणि डोळ्यांना दिसणारे स्थैर्य यांचा मेळ बसला नाही की मळमळ सुटते. भाषेने मात्र दोष बोटीवर ठेवला. मोठ्या बोटींना हेलकावे कमी करणारे पंख असतात, तरी खवळलेल्या समुद्रापुढे त्यांचेही पूर्णपणे चालत नाही, आणि मग आवळासुपारी, लिंबू, सुंठ हाच जुना सरंजाम बाहेर निघतो. बुलढाण्याकडे हाच प्रयोग ‘गाडी लागणे’ असा चालतो. घडण तीच, फक्त बोटीच्या जागी गाडी. समुद्र नसलेल्या मुलखाने हा अनुभव घाटावर घेतला.

बुलढाणा शहराला अजून रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या सुटीवाल्यांना आगगाडीने मलकापूरला यावे लागते आणि तेथून मोताळ्यावरून एसटीने राजूर घाट चढावा लागतो. बोटीवर तीन दिवस ठणठणीत राहिलेली माणसे या घाटाच्या वळणांवर खिडकीजवळची जागा मागतात, आणि कोणी विचारलेच तर गाडी लागली असे सांगतात.